इचिरो, तुझ्या निरोपाची बातमी छापायची राहून गेली

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. निवांत असाल तेव्हा वाचा. राजकारणावर नाही, नगरपालिकेवरही नाही. एका जपानी बेसबॉल खेळाडूवर आहे. "तुला काय पडलंय त्याचं?" असं काही जण विचारणार, हे माहीत आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर उत्तर मिळेल.

२१ मार्च २०१९. धुळवड होती. सकाळी पोरांनी रंगवून सोडलं होतं, अंघोळ करूनही कानामागचा जांभळा निघाला नव्हता. ऑफिसला सुट्टी, दुसऱ्या दिवशी अंक नाही. जेवून सगळे आडवे झाले आणि मी मोबाईल घेऊन गच्चीच्या जिन्यात बसलो, कारण रेंज तिथेच येते. टोकियोत तेव्हा संध्याकाळ होती. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. टोकियो डोममध्ये सिएटल मरिनर्स विरुद्ध ओकलंड सामना सुरू होत होता आणि उजव्या कोपऱ्यात ५१ नंबरचा शर्ट घालून पंचेचाळीस वर्षांचा एक माणूस उभा होता. इचिरो सुझुकी. सामना चालू असतानाच बातमी फुटली, की हा त्याचा शेवटचा सामना.

त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाला नाही. आठव्या डावात शेवटचा चेंडू त्याने शॉर्टस्टॉपकडे मारला आणि पहिल्या बेसकडे पळत सुटला. थोडक्यात बाद. वीस वर्षांपूर्वी तोच चेंडू हिट ठरला असता. मग तो क्षेत्ररक्षणाला आपल्या जागी जाऊन उभा राहिला, आणि मॅनेजरने बाकी सगळ्यांना आत बोलावून घेतलं. मैदानात तो एकटा. ४६ हजारांवर लोक उभे. तो हळूहळू आत आला, एकेकाला मिठी मारली. त्याच दिवशी मेजर लीगमध्ये पहिला सामना खेळणारा युसेई किकुची हा जपानी पिचर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

जिन्यात बसून मीही रडलो. बायकोने विचारलं तर म्हटलं, डोळ्यात रंग गेलाय.

आता मागे जातो.

२००१ साल. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच हातात पडलेला, आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक म्हणून लागलो होतो. काम काय, तर एजन्सीच्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करायचं आणि पानात भोक राहिलं की भरून काढायचं. क्रीडापानावर रात्री अकराला हमखास तीन इंच जागा उरायची. एका रात्री त्या जागेत मी इचिरो टाकला. मुख्य उपसंपादकांनी पान बघून विचारलं, "हा कोण रे? क्रिकेटर का?" म्हटलं, "नाही सर, बेसबॉल." ते म्हणाले, "राहू दे. नाव छोटं आहे, मथळ्यात बसतंय."

असा इचिरो आमच्या पानात शिरला. मग सवयच लागली. आमच्या जिल्ह्यात त्याच्या बातम्या वाचणारे किती होते, देव जाणे. बहुधा मी एकटाच. पण मी गावाकडून शहरात आलेलो, बोलताना 'ण' आणि 'न'वरून टोमणे खाणारा पोरगा. परक्या ठिकाणी जाऊन, कमी बोलून, नुसत्या कामाने जागा मिळवणारा हा माणूस मला जवळचा वाटायला लागला. आणि त्याच्यामागे जो इतिहास आहे तो हळूहळू कळत गेला, तेव्हा लक्षात आलं, की ही नुसती खेळाची गोष्ट नाही.

बेसबॉल जपानमध्ये नेला तो होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन मास्तराने. साल १८७२. टोकियोत शिकवायला आला होता, पोरांना व्यायाम हवा म्हणून खेळ शिकवला. योकोहामात राहणाऱ्या अमेरिकनांचा स्वतःचा क्लब होता, पण जपानी विद्यार्थ्यांशी खेळायला ते बरीच वर्षं तयार नव्हते. शेवटी १८९६ मध्ये एका जपानी कॉलेजच्या पोरांशी सामना झाला. पोरांनी त्यांना २९-४ असं धुतलं. आपल्याकडे १८९० मध्ये पारशांनी व्हर्ननच्या इंग्रज संघाला मुंबईत हरवलं होतं, ते आठवा. साहेबाचा खेळ साहेबाकडूनच शिकायचा आणि त्यालाच हरवायचं, ही चव दोन्हीकडे सारखीच.

१९३४ मध्ये बेब रूथ अमेरिकन संघ घेऊन जपानला आला. त्याच्या स्वागताला टोकियोत रस्ते फुलून गेले. त्या दौऱ्यात एइजी सावामुरा नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने रूथसह अमेरिकेच्या चार दिग्गज फलंदाजांना ओळीने बाद केलं. सामना जपान १-० असा हरला, पण पोरगा देशाचा हिरो झाला. पुढे युद्ध आलं. ज्यांना त्या पोराने बाद केलं होतं त्यांच्याच देशाशी युद्ध. खेळातले इंग्रजी शब्द काढून टाकले गेले, 'स्ट्राइक'सुद्धा म्हणायचं नाही. सावामुरा फौजेत गेला. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचं जहाज समुद्रात बुडवलं गेलं आणि तो मेला. वय २७. आज जपानमधल्या सर्वोत्तम पिचरला जो पुरस्कार देतात, तो त्याच्या नावाचा आहे.

हे झालं जपानमध्ये. अमेरिकेत काय चाललं होतं? फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने एका आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक घरादारातून उचलून काटेरी तारांच्या छावण्यांत टाकले. यातले बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. गुन्हा काय? चेहरा. या आदेशाखाली सगळ्यात आधी ज्यांना हलवलं, ते बेनब्रिज बेटावरचे लोक होते. हे बेट सिएटल शहराच्या समोरच आहे, बोटीने पलीकडे. हो, तेच सिएटल, जिथे पुढे इचिरो खेळला. आणि जिथे आज आपल्यातल्या कित्येकांची पोरं कॉम्प्युटरच्या नोकरीला आहेत.

त्या छावण्यांत लोकांनी काय केलं? बेसबॉल खेळले. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत केनिची झेनिमुरा नावाच्या माणसाने झाडोरा साफ करून, पाणी वळवून, चक्क मैदान उभं केलं. ज्या देशाने कोंडलं, त्याच देशाचा खेळ, त्याच देशाच्या तारांच्या आत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

युद्ध संपलं. १९६४ मध्ये मासानोरी मुराकामी हा पहिला जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये खेळला. दोन हंगामांनी परत गेला आणि मग तीस वर्षं दार बंदच. १९९५ मध्ये हिदेओ नोमो आला आणि त्याने पिचर म्हणून नाव काढलं. पण फलंदाज? जपानी फलंदाज अमेरिकेत टिकणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. अंगाने लहान, ताकद कमी, वगैरे वगैरे.

मध्ये आणखी एक गोष्ट झाली. १९९२ मध्ये सिएटलचा संघ विकायला निघाला होता, शहर सोडून जायची भाषा चालू होती. तेव्हा पैसा घेऊन पुढे आले ते हिरोशी यामाउची. व्हिडिओ गेमवाल्या निन्टेन्डो कंपनीचे प्रमुख, राहायला क्योटोला. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ आणि मालक जपानी? मोठा गहजब झाला. शेवटी निर्णयाचे अधिकार त्यांच्या हातात राहणार नाहीत, अशी अट घालून परवानगी दिली. पन्नास वर्षांपूर्वी ज्या शहरातून जपानी चेहऱ्याची माणसं ट्रकमध्ये घालून नेली, त्या शहराचा संघ एका जपानी माणसाच्या पैशाने वाचला. यामाउचींनी आपल्या संघाचा एकही सामना मैदानात जाऊन बघितला नाही, ते वेगळंच.

आता इचिरो. जन्म २२ ऑक्टोबर १९७३, नागोयाजवळचं तोयोयामा हे छोटं गाव. आपला सचिनही १९७३ चाच, एप्रिलचा. वडील नोबुयुकी रोज पोराला घेऊन मैदानात जायचे. सहावीत असताना इचिरोने निबंधात लिहिलं होतं, की वर्षातले ३६० दिवस मी सराव करतो. पुढे मोठेपणी तो हेही बोलला, की वडिलांच्या त्या सरावाला छळाची कडा होती आणि त्याचा त्याला त्रास झाला. हे मुद्दाम सांगतोय. आपल्या मैदानावर सकाळी सहाला पोरांना बॅट देऊन बाहेरून ओरडणारे बाप मी रोज बघतो. यशाची गोष्ट सांगताना तेवढी एक ओळ आपण गाळतो.

ओरिक्स ब्लूवेव्ह संघाने त्याला घेतलं. १९९४ मध्ये नवे मॅनेजर ओगी आले. सुझुकी हे जपानमध्ये पाटील-शिंद्यांइतकं सरसकट आडनाव, म्हणून त्यांनी पोराच्या शर्टावर नुसतं 'इचिरो' लिहायला लावलं. त्या वर्षी त्याने १३० सामन्यांत २१० हिट मारले. तोवर जपानमध्ये कुणीही एका हंगामात २०० चा आकडा गाठला नव्हता. पुढच्याच जानेवारीत कोबे शहरात भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसं गेली. किल्लारी बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. ओरिक्सचं मैदान कोबेतच होतं. खेळाडूंनी बाहीवर 'गाम्बारो कोबे' लिहिलं. म्हणजे साधारण, कोबेकरांनो, चला, नेटाने उभं राहू. त्या वर्षी ते लीग जिंकले, पुढच्या वर्षी देशाचं अजिंक्यपद. पडलेली घरं त्याने उभी राहिली नाहीत. पण तंबूत बसलेल्या माणसाला संध्याकाळी विचारायला एक गोष्ट मिळाली, की आज काय झालं?

जपानमध्ये सलग सात वर्षं फलंदाजीत पहिला राहून २००१ मध्ये तो सिएटलला गेला. एप्रिलमध्ये ओकलंडच्या मैदानात प्रेक्षकांतून त्याच्यावर नाणी फेकली गेली. त्याच मैदानात ११ एप्रिलला त्याने उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर असा थेट चेंडू फेकला, की पळणारा टेरेन्स लाँग जागेवर बाद. तो थ्रो आजही लोक काढून बघतात. त्या हंगामात सिएटलने ११६ सामने जिंकले. इचिरोचे हिट २४२. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान एकाच वर्षी. त्याच्याआधी असं फक्त एकदा, १९७५ मध्ये झालं होतं.

ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. तेव्हा अमेरिकेत होमरनचा जमाना होता, म्हणजे आपल्या भाषेत नुसते सिक्सर. दंड फुगवलेले गडी, आणि त्या दंडांमागे औषधं होती हे नंतर बाहेर आलं. इचिरो सडपातळ. चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून काढायचा आणि पळायचा. पहिला बेस ९० फुटांवर. डावखुरा उभा राहायचा, त्यामुळे दोन पावलं तिकडेच जवळ, आणि बॅट फिरवता फिरवताच पाय सुटलेले असायचे. साधा जमिनीवरून गेलेला चेंडू, पण समोरच्याने एकदा चाचपडलं की हा पोचला. मधल्या फळीतल्या एखाद्या पोराने एकेक धाव चोरून सामना काढावा तसं.

२००४ मध्ये त्याने एका हंगामात २६२ हिट मारले. जॉर्ज सिसलरचा २५७ चा विक्रम १९२० पासून उभा होता. ८४ वर्षं. सिसलरच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, इचिरोच्या वेळी १६२ चा, हे खरं, आणि सांगायला हवं. विक्रम मोडला तेव्हा सिसलरची म्हातारी मुलगी मैदानात बसली होती. इचिरो कठड्यापर्यंत गेला आणि वाकून तिला भेटला. पाच वर्षांनी सामन्यासाठी सेंट लुईसला गेला, तेव्हा बायकोला घेऊन सिसलरच्या थडग्यावर फुलं ठेवून आला. ज्याचा विक्रम मोडला त्याच्या समाधीला जाणारे किती खेळाडू तुम्हाला माहीत आहेत?

२००१ ते २०१० सलग दहा वर्षं प्रत्येक हंगामात २०० च्या वर हिट. पुढे न्यूयॉर्क, मग मायामी. ऑगस्ट २०१६ मध्ये मेजर लीगमधला तीन हजारावा हिट. शेवटी अमेरिकेत ३,०८९ आणि जपानमध्ये १,२७८. बेरीज ४,३६७. पीट रोझचे ४,२५६ हा अमेरिकेचा विक्रम. जपानमधले हिट धरायचे की नाही, यावर रोझसकट बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर वाद निरर्थक आहे. तालुक्याच्या पेपरात लिहिलेला शब्द आणि मुंबईच्या पेपरात लिहिलेला शब्द, लिहिणाऱ्याला मेहनत तेवढीच पडते.

आता सन्मानाची गोष्ट. जपान सरकार राष्ट्रीय सन्मान पुरस्कार देतं, नावाजलेल्या माणसांना. २००१ मध्ये इचिरोला देऊ केला, तो नको म्हणाला. २००४ मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नको. कारण काय, तर अजून मी घडतोय. २०१९ मध्ये निवृत्तीनंतर तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नको. आयुष्याचा पडदा पडेल तेव्हा बघू, असा निरोप पाठवला. सचिनला वानखेडेवरच्या निरोपाच्या दिवशीच भारतरत्न जाहीर झालं, आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला, त्यात वावगं काही नाही. प्रत्येकाची रीत वेगळी. पण आपल्या गावात दर रविवारी शाल-श्रीफळाचे जे कार्यक्रम होतात आणि ज्यांची प्रेसनोट सत्कारमूर्ती स्वतः आणून देतात, ते कव्हर करताना मला हा माणूस आठवतो एवढंच.

आणि मुख्य गोष्ट. २१ मार्चच्या त्या रात्री सामना बारा डाव चालून संपला, तरी लोक उठेनात. हाका मारत बसले. इचिरो परत बाहेर आला, हात वर करून मैदानाला फेरी मारली. मग मध्यरात्रीच्या सुमारास पत्रकारांसमोर बसला आणि जवळपास दीड तास बोलला. मी इकडे जिन्यातच, बॅटरी पंधरा टक्क्यांवर. भाषा कळत नव्हती, भाषांतर नंतर मिळवून वाचलं. त्यात तो म्हणाला, की अमेरिकेत आल्यावर मी परका झालो, परदेशी झालो. त्यामुळे दुसऱ्याच्या मनाचा विचार करायला लागलो, माणसांची वेदना मला कळायला लागली, आणि आधी माझ्यात नव्हता असा एक माणूस माझ्यात तयार झाला. पुस्तकात वाचून हे कळतं, पण स्वतःवर आल्याशिवाय ते आतून येत नाही, असा त्याचा अर्थ.

चार हजारांवर हिट मारलेला माणूस निवृत्त होताना काय मिळवलं म्हणून सांगतो, तर परकं होणं.

आपल्या गावात फरशी बसवणारा राजस्थानचा, रंगकाम करणारा बिहारचा, पाणीपुरीवाला यूपीचा. चौकात काही झालं की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं, आणि मीही माझ्या बातम्यांत "परप्रांतीय" हा शब्द विचार न करता कितीदा वापरलाय. आणि आपलीच पोरं सिएटलला आहेत, दुबईला आहेत. तिथे त्यांच्याकडे कोण बोट दाखवत असेल? १९४२ मध्ये बेनब्रिज बेटावर जे झालं, तेही एका साध्या शब्दापासूनच सुरू झालं होतं. "ते लोक."

२२ मार्चला अंक नव्हता. २३ च्या अंकात जागा मागितली, तर लोकसभेच्या उमेदवाऱ्यांचा धुमाकूळ चालू होता. "चौकट तरी द्या" म्हटलं. नाही मिळाली. अठरा वर्षं ज्याच्या बातम्या तीन-तीन इंचांत लावल्या, त्याच्या निरोपाची बातमी माझ्या पेपरात आलीच नाही. पुढच्या वर्षी, कोरोनात, आमची जिल्हा आवृत्तीच बंद झाली. एका फोनवर. टेबलाच्या खणात माझा चहाचा कप आणि दोन पेनं राहिली, ती आणायलाही परत जाणं झालं नाही. अकरा जण होतो आम्ही. कुणी कुणाला मिठी मारली नाही. म्हणून ४६ हजार माणसं एका माणसासाठी उठून उभी राहिलेली बघताना जे वाटलं होतं, त्याचा अर्थ मला वर्षभराने कळला. निरोप मिळणं हेही नशीब असतं, आणि बहुतेक कामकरी माणसांना ते मिळत नाही.

इचिरो जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे जाणारा आशियात जन्मलेला पहिला खेळाडू. ३९४ पैकी ३९३ मतं. इतकी वर्षं दुभाषा घेऊन बोलणारा माणूस त्या दिवशी इंग्रजीत बोलला आणि लोकांना हसवलं. ज्या एका पत्रकाराने मत दिलं नाही, त्याला मी घरी जेवायला बोलावलं होतं, म्हणाला, पण त्या आमंत्रणाची मुदत आता संपली. आजही तो सिएटलच्या पोरांबरोबर शर्ट घालून सराव करतो, आणि जपानमध्ये शाळकरी मुलींच्या निवडक संघाविरुद्ध स्वतः पिचिंग करत सामने खेळलाय.

असो. तीन इंचांची बातमी होती, इतकी लांबली. आता संपादक नाही, जागेची कटकट नाही, म्हणून लिहून टाकली.

आमच्या त्या अकरा जणांपैकी कुणी हे वाचत असेल तर फोन करा. चौकात चहा घेऊ. आपलाही निरोप राहिलाय.